चमचाभर मोरावळा

रविवार, ९ फेब्रुवारी. कानोता.

इथे दुपारी झोपायला बंदी आहे. फोन फाटकावरच काढून घेतला, चहा नाही, आणि वाचलं तर डोळ्यांना शीण होतो म्हणे. मग माणसानं दुपारभर करायचं काय? म्हणून पर्समधली ही जुनी डायरी काढली. वैद्यांनीही प्रत्येकाला एक वही दिली आहे. तिच्यात भूक, झोप, पोट आणि मन असे चार रकाने रोज भरायचे. पण ती वही सकाळी सकाळी तपासतात, तेव्हा तिच्यात खरं लिहायची सोय नाही.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून शमिकाला, म्हणजे आमच्या लेकीला, आम्हा दोघांना अंदमानच्या कुठल्याशा बेटावर आठवडाभर आयुर्वेदिक उपचारांना पाठवायचं होतं. हे विमानात बसायला तयार नाहीत. मग तिनं पुण्यात बसून हे ‘निरामय’ शोधून काढलं. जयपूरच्या आदर्श नगरातल्या आमच्या घरापासून तासाभरावर, तीन बाजूंनी कानोत्याच्या बांधाचं, म्हणजे धरणाचं, पाणी. पत्रकात ‘बेटावरची शांतता’ असं छापलंय. बेट कसलं डोंबलाचं, चौथ्या बाजूनं दिवसभर ट्रॅक्टर जातात.

खोल्या वेगळ्या. बायका इकडे, पुरुष तिकडे, जेवणंसुद्धा वेगवेगळी. उपचार चालू असताना ब्रह्मचर्य पाळायचं असतं, असं मधुमतीनं मला गंभीर चेहऱ्यानं समजावलं. ही इथली तेल लावणारी बाई. मी त्रेसष्ट, हे सदुसष्ट. म्हटलं, बाई, त्याची काळजी तुम्ही करू नका. ती हसली नाही.

हसू मलाही येत नाहीये. आमचं संकट वेगळंच आहे, आणि ते कुठेतरी लिहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

यांना बीपी आहे. दोन वर्षांपूर्वी चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, शमिकाच्या लाखेच्या बांगड्या घ्यायला गेलो होतो, तिथे दुकानाच्या पायरीवरच हे मटकन बसले. मोजलं तर एकशे नव्वद. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या डॉक्टर अनिरुद्धांनी गोळी लिहून दिली, रोज एक, जन्मभर. आणि यांनी ती चिठ्ठी घडी करून त्यांच्याच टेबलावर ठेवली. कारण त्याआधी सहाच महिन्यांपूर्वी माझे थोरले दीर, पंढरीभाऊजी, दवाखान्यात चाळीस दिवस गोळ्या खाऊन खाऊन गेले होते. तेराव्याला सगळ्या भाऊबंदांसमोर यांनी सांगितलं होतं, यापुढे एकही गोळी माझ्या घशाखाली उतरणार नाही. चौतीस वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेला माणूस हा! पण शब्दाचे पक्के. म्हणजे हट्टी, सरळ मराठीत सांगायचं तर.

मग मी काय केलं? ती चिठ्ठी उचलली. रोज पहाटे हे उठायच्या आत पितळी खलात गोळी कुटते, आवाज जाऊ नये म्हणून पंखा लावते, आणि ती पूड चमचाभर मोरावळ्यात कालवते. चहाच्या आधी हे तो खातात. बीपी उतरलं, एकशे तीसच्या आसपास आलं. श्रेय कुणाला? सकाळच्या फिरण्याला, लसणाला आणि माझ्या मोरावळ्याला. मंडळाच्या गणपतीत यांनी त्यावर भाषणसुद्धा दिलं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर आज ती बरणी फाटकावर अडवली. बाहेरचं खाणं चालत नाही. माझी चहापत्तीही गेली, पण तिचं दुःख वेगळं. हे मात्र त्या चौकीदाराशी पंधरा मिनिटं भांडले. म्हणाले, “बाकी सब रख लो भैया, पर वो बरनी रहने दो, वो दवा है मेरी.” चाळीस वर्षांत माझ्या हातच्या पदार्थासाठी हा माणूस कुणाशी भांडलेला मी पाहिला नव्हता. वेड्यासारखं बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. बरणीला नावाची चिठ्ठी लावून ती कपाटात गेली, आणि मग माझ्या ध्यानात आलं की आता गोळी द्यायची कशात. दहा गोळ्यांचं पाकीट माझ्या कुंकवाच्या डबीखाली आहे. हे तिकडे, मी इकडे.

सोमवार, १०

आज गोळी गेली नाही. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

यांना सकाळी साडेसहाला औषधी तूप प्यायला दिलं, छोटा पेला भरून. रोज थोडं थोडं वाढवणार. मग खरी भूक लागेपर्यंत काही नाही, नुसतं सुंठीचं गरम पाणी, आणि नंतर तांदळाची पेज. सगळं वैद्यांच्या माणसासमोर. माझ्या वाट्याला तूप नाही, नुसती मालिश आणि मुगाचं वरण.

वैद्य मुरलीधरजी माणूस चांगला आहे, हेच तर अवघड झालंय. लबाड असता तर मला सोपं गेलं असतं. काल आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, कोणतीही गोळी चालू असेल तर फॉर्मवर लिहा, आणि कुणीही आपल्या मनानं बंद करू नका. यांनी त्या ओळीवर लिहिलं, ‘कुछ नहीं’. मी शेजारी बसले होते. पेन माझ्याही हातात होतं.

वैद्यांच्या वहीत ‘मन’ या रकान्यात मी आज ‘प्रसन्न’ लिहिलं.

मंगळवार, ११

बीपी एकशे शेहेचाळीस. वैद्य म्हणाले, तुपानं थोडं होतं, बघू.

मला बघवेना. सकाळी बांधावर फिरायला सगळे एकत्र जातात, संध्याकाळपर्यंत तेवढीच आमची भेट. प्रत्येकाजवळ सुंठीच्या पाण्याचा थर्मास असतो. मी गोळी रुमालात धरून दगडानं कुटून ठेवलीच होती. म्हटलं, आणा तो थर्मास, मी धरते, तुमचा खांदा दुखतो. एका झाडामागे जाऊन पूड आत टाकली, हलवली, दिला. मोरावळ्याच्या गोडात काही कळत नाही, पण पाण्यात? यांनी पहिला घोट घेतला आणि तोंड असं वाकडं केलं की माझ्या पाचावर धारण बसली. माझ्याकडे बघितलं. मग उभ्याउभ्याच सगळा थर्मास रिकामा केला, वर नळाचं थोडं पाणी घालून, खळखळवून तेही प्यायले. “सुंठ चांगली आहे इथली,” म्हणाले. तुपानं तहान फार लागते, असं मधुमती म्हणत होती, तेच असणार.

एवढ्यावर दिवस संपला असता तर बरं झालं असतं.

पाच वाजता निंबाखाली सगळे बसतात आणि आपापले अनुभव सांगतात. यांना प्राध्यापक म्हणून मान, पहिलं बोलायला सांगितलं. आणि यांनी तेच सगळं सांगितलं. एकशे नव्वद बीपी, एकही गोळी नाही, दोन वर्षं. हिंदी यांचं फार छान आहे, लोक खिळून ऐकत होते. टाळ्या पडल्या. वैद्यांनी लगेच सांगितलं, “हर शरीर अलग है, बिना पूछे कोई कुछ न छोड़े.” ते कुणाच्या कानात शिरलं नाही. समोर धडधाकट माणूस उभा असताना नियम कोण ऐकतो?

मग एक मुलगा आला आणि यांच्या पाया पडला. मुलगा म्हणजे एकतीस वर्षांचा, पण मला मुलगाच. निहार नाव, अमरावतीचा, इथे जयपूरला सॉफ्टवेअर कंपनीत. मराठी ऐकून त्याचा चेहरा फुलला. लगेच काका, काकू. “काका, खरंच गोळ्या एकदम सोडल्या तुम्ही?” त्यानं विचारलं.

“मी कधी सुरूच केल्या नाहीत,” हे म्हणाले.

खरं बोलत होते बिचारे, त्यांच्या परीनं. पण बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि टाळ्यांचा माणूस असूनही तडक खोलीकडे गेले. तूप बाधलं असेल.

बुधवार, १२

आज फिरायला निघताना यांनी स्वतःच थर्मास माझ्या हातात दिला. “धर जरा,” म्हणाले आणि पुढे जाऊन तळ्यातले बगळे बघत उभे राहिले, पाठ करून. मला आयतंच सापडलं. माणसाचं नशीब कधी कधी असं साथ देतं.

पण निहारनं आज जे सांगितलं, ते लिहायलाच हवं.

त्याला फिट्स येतात. चौदाव्या वर्षापासून. सकाळ-संध्याकाळ गोळी आहे, आणि ती घेतो म्हणून सहा वर्षांत एकही आलेली नाही. एप्रिलमध्ये लग्न आहे, मुलीचं नाव सावनी, अकोल्याची. तिला सांगितलेलं नाही. घरचे म्हणतात, सांगायची काही गरज नाही. याला ते लागून राहिलं आहे, पण सांगायची हिंमत होत नाही. तेव्हा यानं वेगळाच मार्ग काढला. इथे शरीर शुद्ध करून गोळ्याच बंद करायच्या, म्हणजे सांगण्यासारखं काही उरणारच नाही. फॉर्मवर यानंही ‘कुछ नहीं’ लिहिलं. तरी धीर होत नव्हता म्हणे. काल काकांचं ऐकलं आणि काल संध्याकाळपासून बंद केल्या.

मी म्हटलं, अरे, असं करू नकोस, डॉक्टरांना विचार. तो हसला. “मी बरा होऊन राहिलो काकू. काकांनी केलंच ना?” आणि कुणाला सांगणार नाही अशी माझ्याकडून शपथ घेतली, सावनीची.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. काकांनी केलेलं नाही रे बाबा, काकांच्या पोटात आत्ता दहा मिनिटांपूर्वी गोळी गेली आहे. एवढं एक वाक्य. नाही बोलले.

का नाही बोलले, ते तरी इथे खरं लिहू दे. यांचा अपमान होईल म्हणून नव्हे. अपमान होईल तो होईल, चार दिवसांनी विसरतील. पण ज्या दिवशी यांना कळेल, त्या दिवसापासून हे माझ्या हातचा मोरावळा काय, पाणीसुद्धा घेणार नाहीत. मग पुन्हा एकशे नव्वद, आणि पुन्हा कुठल्यातरी दुकानाची पायरी, आणि या वेळी मी बरोबर नसेन. एका परक्या पोरासाठी मी माझं माणूस घालवू? असं मी म्हटलं मनात. लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं.

दुपारी जेवताना मधुमती सांगत होती, पुरुषांकडे कुणाच्या तरी हातून दोनदा चमचा पडला, तो लंबा मराठी लड़का. तेलकट हातांनी पडतोच चमचा.

गुरुवार, १३

आजचं अक्षर लागणार नाही, तरी लिहिते.

सकाळी बांधाच्या कडेनं निहार आणि मी चाललो होतो. हे पुढे, वैद्यांबरोबर. निहार लग्नाच्या हॉलबद्दल सांगत होता, पार्किंगची काय अडचण आहे ते, आणि मधेच थांबला. वाक्य अर्धं. डोळे उघडे पण कुठेच न बघणारे, तोंड काही चघळल्यासारखं हलतंय, बोटं कुडत्याच्या गुंडीशी चाळा करताहेत. मी निहार, निहार म्हणतेय. आणि तो एक पाऊल पुढे सरकला. पुढे पाणी, दोन हात खाली, दगड. मी त्याची बाही दोन्ही हातांनी धरली. अर्धं मिनिट असेल. मला वाटलं माझं आयुष्य संपलं.

मग त्यानं डोळे मिचकावले आणि म्हणाला, “काय झालं काकू? हात कशाला धरला?” त्याला काहीच आठवत नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाला, झोप कमी झाली, तुपानं गरगरतं. ही काही फिट नव्हे, फिटमध्ये माणूस पडतो. मला त्यातलं काही कळत नाही. पण पाण्याच्या कडेला उभं राहून आपण कुठे आहोत हे ज्याला कळत नाही, तो पडायचा काय बाकी राहिला?

म्हटलं, गोळी घे, आत्ताच्या आत्ता. तर चिडला. “काकूंना वाटतं काकांनाच जमतं सगळं.”

नंतर माझी आज पहिली वाफ होती. लाकडी पेटी असते, आत स्टूलावर बसायचं, दारं लावून घेतात, बाहेरून कडी. नुसतं डोकं वर, गळ्याभोवती पंचा. हात आत अडकलेले. खालून वाफ येते. दहा मिनिटं. चांगलं वाटायला हवं होतं, पण मला एकच दिसत होतं. उद्या नऊ वाजता पुरुषांची वाफ आहे, आणि यादीत पहिलं नाव निहारचं. मधुमतीला म्हटलं, उघड बाई, उघड. ती घाबरली.

संध्याकाळी निंबाखाली यांना गाठलं. ठरवलं होतं, आधी यांना सांगायचं, मग पुढचं. म्हटलं, अहो, मला तुमच्याशी बोलायचंय. मोरावळ्याबद्दल.

यांचा चेहरा एकदम उतरला. “घरी गेल्यावर बोलू,” म्हणाले. “इथे नको, सुमित्रा.” आणि उठून गेले.

कशाबद्दल म्हणून विचारलंसुद्धा नाही. चाळीस वर्षं या माणसाबरोबर काढली, पण याच्या मनात काय चालतं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

आता माझ्यापुढे दोन माणसं आहेत. एकाला वाचवलं तर दुसरा जातो. असं मला वाटतं. देवा, माझं चुकत असेल तर मला उद्या सकाळपर्यंत सांग. काही दुसरा रस्ता असेल तर तोही सांग.

शुक्रवार, १४

सांगितलं मी. सगळं लिहिते, क्रमानं.

सकाळी फिरायला निहार आलाच नाही, डोकं जड आहे म्हणाला म्हणे. थर्मासही आज यांनी दिला नाही, हे घाईघाईनं पुढे गेले. पावणेनऊला मी पुरुषांच्या बाजूला गेले. चौकीदार ‘माताजी, माताजी’ करत मागे येत राहिला. वाफेच्या खोलीसमोर व्हरांड्यात निहार पंचा नेसून, अंगभर तेल, बाकावर बसला होता. शेजारी हे, तसेच तेलकट, दुसरा नंबर यांचा. पेटीची दारं उघडी, आतून वाफ यायला लागलेली. वैद्यजी घड्याळ बघत होते.

मी निहारसमोर उभी राहिले. शपथ घेतली होती, त्याचं गुपित फोडायचं नाही. म्हणून आमचं फोडलं.

“निहार, तू त्या पेटीत बसायचं नाहीस,” मी म्हटलं. “काकांनी गोळी सोडलेली नाही. दोन वर्षं रोज घेताहेत. मी घालते, कुटून, मोरावळ्यात. त्यांना माहीत नाही.”

मराठीत बोलले, पण वैद्यांना ‘गोळी’ कळली. त्यांनी घड्याळ खाली केलं. मी यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता हे उठून जातील, किंवा ओरडतील, किंवा इथेच खाली बसतील त्या दिवशीसारखे. हे तिथेच बसून राहिले. कपाळावरचं तेल भुवईत उतरत होतं, तेही पुसलं नाही.

“मला माहीत आहे,” हे म्हणाले.

मला ऐकू आलं, पण समजलं नाही.

“पहिल्या दिवसापासून. आवळा तुरट असतो, सुमित्रा. कडू नसतो. एवढं तरी मला कळतं.”

मग त्यांनी हात पुढे केला. “आजची आण.”

गोळी माझ्या पदराच्या गाठीत होती, अख्खी. आज कुटलीच नव्हती, कुटायचं बळ नव्हतं. मी गाठ सोडून ती त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी निहारला म्हटलं, इकडे बघ. जीभ बाहेर काढून त्यावर गोळी ठेवली, त्याला दिसेल अशी, आणि बाकाखालच्या तांब्यातलं पाणी पिऊन गिळली. भाऊजींच्या तेराव्यापासून पहिली उघडी गोळी. घोट उतरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“मी तुझ्याशी खोटं बोललो,” हे म्हणाले. “तुझी कुठली गोळी आहे मला माहीत नाही. पण ती घेऊन ये. जा.”

निहार उठला नाही. दोन्ही हातांत तोंड घेऊन बसला. आणि मग त्यानंच वैद्यांना सगळं सांगितलं, हिंदीत, मोडक्या वाक्यांत. फिट्स, सहा गोळ्या चुकल्या, काल बांधावर काय झालं ते काकू सांगतात.

वैद्यांनी आरडाओरडा केला नाही. वाफ बंद करवली, पेटीची दारं लावली, कपाटातून निहारचा फोन मागवला आणि त्याच्या डॉक्टरांना लावला. ते म्हणाले ती गोळी तिथेच घ्यायला लावली, आणि गाडी काढून त्याला जयपूरला तपासायला पाठवलं. बरोबर हे गेले, तेलकट अंगावर सदरा चढवून. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत निहारनं यांचा हात धरला होता.

मग वैद्य माझ्याकडे वळले. मला वाटलं दोन शब्द कौतुकाचे बोलतील. “माताजी,” ते म्हणाले, “फॉर्म में एक ही लाइन तो लिखनी थी.” एवढं बोलून आत गेले. बरोबरच आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता दुपार झाली आहे. निहार ठीक आहे, असा निरोप आलाय. मला हायसं वाटायला हवं. पण माझ्या अंगाचा तिळपापड होतोय! दोन वर्षं. रोज पहाटे पंखा लावून, दार ओढून, चोरासारखी खल चालवतेय मी. आज कळलं तर काय, उद्या कळलं तर काय, या धास्तीत. एकदा तापानं फणफणले होते तरी उठले. गोळी कुटायला दुसरं कोण आहे म्हणून. आणि हे? हे आत पलंगावर पडून ऐकत होते.

शनिवार, १५

यांच्याशी दिवसभर बोलले नाही. सकाळी फिरताना हे माझ्या मागे, चार पावलं, थर्मास धरून. पाण्याच्या कडेला आल्यावर बोलले. भाऊच्या तेराव्याला शब्द दिला होता, सगळ्यांसमोर. तो मोडायची हिंमत नव्हती, आणि मरायचीही नव्हती. तू घालत होतीस तोवर दोन्ही जमत होतं.

मी म्हटलं, आणि माझं काय जमत होतं? त्याचा विचार आपण केलाच नाही, हे त्यांनी कबूल केलं. चाळीस वर्षांत हेही पहिल्यांदाच.

पाच वाजता निंबाखाली हे स्वतःहून उठले. मंगळवारी जे सांगितलं ते खोटं होतं, मी रोज गोळी घेतो, माझी बायको देते आणि मला ते ठाऊक होतं. एवढंच बोलून बसले. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पण मागच्या रांगेतल्या दोन माणसांनी वैद्यांकडे आपले फॉर्म परत मागितले.

निहार परत आलाय, सामान न्यायला. त्यानं सावनीला फोन केला. ती रडली, मग म्हणाली, आजाराचं मला काही नाही, पण तू लपवलंस कसं? पुढच्या रविवारी जयपूरला येते आहे, भांडायला. म्हटलं, येऊ दे, भांडायला येते ती राहायलाही येते. त्याला हसू आलं, थोडंसं.

‘मन’ या रकान्यात आज मी ‘राग’ लिहिलं. वैद्यांनी खाली बरोबरची खूण केली.

सोमवार, १७. आदर्श नगर.

काल घरी आलो. फाटकावर बरणी परत मिळाली, नावाच्या चिठ्ठीसकट. यांनी ती गाडीत मांडीवर धरून आणली. काल मी चहा एकटीपुरता केला. यांनी आपला आपण केला, साखर विसरले, तसाच प्यायले.

आज पहाटे सवयीनं जाग आली. पंखा लावायला हात गेला आणि थांबले. खल फळीवरच राहू दिला. टेबलावर बरणी ठेवली, शेजारी गोळ्यांचं पाकीट, पाण्याचा पेला, आणि मी खिडकीशी कोथिंबीर निवडत बसले. बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

हे आले. टेबलाकडे बघत जरा उभे राहिले. पाकिटातून गोळी काढली, नखानं, अडखळत, दोन वर्षांत कधी काढली नव्हती ना. पाण्याबरोबर घेतली. मग बरणी उघडून स्वतःच चमचाभर मोरावळा घेतला आणि तोंडात घातला. बराच वेळ चघळत राहिले.

“सुमित्रा,” म्हणाले, “एवढा गोड असतो होय हा?”

मी कोथिंबीर बाजूला ठेवली आणि उठून त्यांना दुसरा चमचा वाढला.